उभ्या गायकांचे नाट्य: हँडेलची ‘थिओडोरा’ रंगमंचावर कशी आली

अठराव्या शतकातील संगीतकार हँडेल याचे ऑरेटोरिओ, म्हणजे बहुधा धार्मिक कथा गायक, वृंद आणि वाद्यवृंदातून सांगणाऱ्या दीर्घ संगीतकृती, आज ऑपेरागृहात नेपथ्य, वेशभूषा आणि अभिनयासह सादर होतात, तेव्हा दिग्दर्शकाने धार्मिक संगीतावर आपली कल्पना लादली, असा आक्षेप हमखास घेतला जातो. वाद्यवृंदापुढे गायकांनी उभे राहून गायचे, हेच या प्रकाराचे मूळ रूप असे आक्षेप घेणारे धरून चालतात. मात्र ते रूप इंग्लंडमध्ये कसे रूढ झाले, हे पाहिले की त्या आक्षेपातला जोर बराच कमी होतो.

२३ फेब्रुवारी १७३२ रोजी, हँडेलच्या वाढदिवशी, लंडनमधील ‘क्राउन अँड अँकर’ या खानावळीच्या सभागृहात त्याच्या ‘एस्थर’ या ऑरेटोरिओचा खासगी प्रयोग झाला. राजाच्या चॅपलमधील, म्हणजे प्रार्थनागृहातील, गायक मुलांनी तो अभिनयासह केला होता. तोच प्रयोग ऑपेरागृहात करावा असा विचार पुढे आला तेव्हा चॅपलचे प्रमुख आणि लंडनचे बिशप एडमंड गिब्सन यांनी मुलांना तेथे अभिनय करण्यास मनाई केली. हातात गीतांची पुस्तके धरूनही त्यांना ते मान्य नव्हते. मे महिन्यात किंग्ज थिएटरमध्ये ‘एस्थर’ झाली, पण रंगमंचावर कोणताही अभिनय होणार नाही, हे जाहिरातीतच स्पष्ट करण्यात आले होते. पवित्र कथा नाटकगृहात ‘खेळून’ दाखवण्याला असलेला हा विरोध लंडनमधील ऑरेटोरिओला घडवणारा ठरला. १७४१मध्ये ‘डेइडामिया’ या अखेरच्या इटालियन ऑपेरानंतर हँडेलने ऑपेरालेखन थांबवले आणि आपली सारी नाट्यबुद्धी या अभिनयाविना चालणाऱ्या नाट्याकडे वळवली. श्रोत्यांना विकल्या जाणाऱ्या संहितेच्या छापील पुस्तिकांत मात्र अंक, प्रवेश आणि कोण आले-गेले याच्या सूचना असतच. ऐकणाऱ्याने प्रसंग डोळ्यांपुढे उभा करावा, अशीच ती व्यवस्था होती.

‘थिओडोरा’ १६ मार्च १७५० रोजी लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात प्रथम सादर झाली. थॉमस मॉरेलने संहिता रचताना रॉबर्ट बॉईलच्या एका कथेचा आधार घेतला होता. वायूच्या नियमामुळे आपल्याला शाळेपासून माहीत असलेला शास्त्रज्ञ तो हाच. रोमन अमलाखालच्या अँटिऑकमध्ये ज्युपिटरला आहुती देण्यास थिओडोरा ही ख्रिस्ती तरुणी नकार देते, म्हणून तिला वेश्या करण्याची शिक्षा फर्मावली जाते. तिच्यावर प्रेम करणारा डिडिमस हा रोमन सैनिक तुरुंगात जाऊन तिच्याशी कपड्यांची अदलाबदल करतो आणि तिला बाहेर पाठवतो. शेवटी दोघेही मृत्यू पत्करतात. त्या हंगामात या कृतीचे तीनच प्रयोग झाले. भूकंपाच्या धक्क्यांनी धास्तावलेले अनेक धनिक तेव्हा लंडन सोडून गेले होते, पण विषयही लोकांना रुचला नसावा. ज्यू श्रोते ख्रिस्ती कथा म्हणून येणार नाहीत आणि स्त्रिया सदाचाराची कथा म्हणून येणार नाहीत, असे हँडेल म्हणाल्याचे मॉरेलने नोंदवले आहे.

दुसऱ्या भागाच्या अखेरचे वृंदगान आपल्याच ‘मसीहा’मधील ‘हालेलुया’ या प्रसिद्ध वृंदगानापेक्षाही सरस आहे, असे हँडेलचे स्वतःचे मत होते. एका विधवेच्या मृत मुलाला ख्रिस्त जिवंत करतो, तो प्रसंग त्यात आहे. प्रेतयात्रेच्या पावलांसारखी जड, संथ सुरुवात होते, आवाज एकामागून एक शोकात मिसळतात आणि ‘ऊठ’ या आज्ञेपाशी संगीताचा सारा रंग पालटतो. याच वृंदाने थोड्याच वेळापूर्वी व्हीनसच्या उत्सवात दंग झालेले रोमन म्हणून गायलेले असते. रंगमंचावर आणण्यातली खरी अडचण येथेच आहे, कारण त्याच माणसांनी छळ करणारे आणि छळ सोसणारे असे दोन्ही समाज उभे करायचे असतात. दुसरी अडचण आरियांची, म्हणजे एकट्या पात्राने गायच्या गीतांची. अंतरा संपल्यावर मुखड्यावर परतावे तसे पहिले कडवे पुन्हा गायचे असते. कथा तेवढा वेळ थांबते आणि पात्र मनातल्या मनात चालत राहते. अशा वेळी गायकाच्या हालचालींनी केवळ वेळ भरून काढला, तर सगळे पोकळ दिसते.

विसाव्या शतकात १९२०च्या दशकापासून जर्मनीत आणि केंब्रिजमध्ये हँडेलच्या अशा कृती अभिनयासह होऊ लागल्या. १९५९मध्ये विंटन डीन यांच्या अभ्यासग्रंथाने त्यांच्यातील नाट्यतत्त्व भक्कम आधारासह मांडले. तरी ‘थिओडोरा’ला नवे आयुष्य दिले ते इंग्लंडमधील ग्लाइंडबोर्न ऑपेरा महोत्सवातल्या १९९६च्या प्रयोगाने. दिग्दर्शक पीटर सेलर्स यांनी कथा समकालीन अमेरिकेत आणली, संगीताची धुरा विल्यम क्रिस्टी यांच्याकडे होती. थिओडोरा झालेल्या डॉन अपशॉ आणि डिडिमस झालेले डेव्हिड डॅनियल्स यांचे अखेरचे युगुलगीत मृत्युदंडाच्या खाटांवर जखडलेल्या अवस्थेत होते. विषारी इंजेक्शन दिले जात असताना त्या शांत, तेजस्वी सुरावटी ऐकणे असह्य होते. त्याहून मोठे श्रेय थिओडोराची ख्रिस्ती मैत्रीण आयरीन हिची भूमिका गाणाऱ्या लोरेन हंट यांचे. पहाटेच्या आशेवरील आरियेत त्या जवळजवळ स्थिर राहून, मोजक्या हस्तमुद्रांच्या बळावर गातात आणि थांबलेली कथाच नाट्य होते. आरिया रंगमंचावर कशी पेलावी, याचे माझ्या मते याहून चांगले उत्तर कोणी दिलेले नाही.

कॉव्हेंट गार्डनला मात्र ही कृती परत येण्यासाठी २०२२ उजाडले. दिग्दर्शिका केटी मिचेल यांनी तेथे कथा आजच्या काळातील एका रोमन दूतावासात नेली. त्याच्या स्वयंपाकघरात राबणारे ख्रिस्ती गुप्तपणे बॉम्ब बनवतात, आणि थिओडोरा निव्वळ सोसणारी हुतात्मा राहत नाही. या बदलावर मतभेद झाले. संहितेतील क्षमा आणि शरणागती त्यामुळे झाकोळते, हा त्यावरचा आक्षेप मला गंभीर वाटतो.