शॉकर बदलण्याआधी रबर तपासा

इंदूरमध्ये दहा-बारा वर्षं वापरलेली स्विफ्ट, आय१० किंवा सँट्रो घेतली की रामबागेच्या नाही तर नारायण बागेच्या एखाद्या गल्लीत, खोदून बुजवलेल्या चरावरून जाताना, पुढून ‘टक-टक’ ऐकू येते. गॅरेजमध्ये ठरलेलं उत्तर मिळतं: शॉकर गेले, जोडी टाका. कधी ते खरंही असतं. पण पुष्कळदा आवाज करणारा असतो काही शे रुपयांचा लिंक रॉड (दोन टोकांना सांधे असलेली छोटी दांडी) किंवा एखादा बुश (सांध्यातलं नळीसारखं रबर). काही हजारांचे शॉकर घालूनही मग टक-टक तशीच राहते. खर्च कमी ठेवायचा असेल तर दुकानात जाण्याआधी गाडीखाली बघायला हवं.

माळव्याचे रस्ते सस्पेन्शनची परीक्षा दोन तऱ्हांनी घेतात. इथली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया कच्चा राहिला तर डांबराखालची ही हालचाल वर येते आणि रस्त्याला लांब लाटा पडतात. दुसरी तऱ्हा म्हणजे खड्ड्याची किंवा चराची तीक्ष्ण कड. लाटा सांभाळणं हे स्प्रिंग आणि शॉकरचं काम. कडेचा धक्का मात्र आधी रबराला आणि सांध्यांना लागतो. गाडी कोणत्या रस्त्यावर तक्रार करते, यावरूनच अर्धं निदान होतं.

स्प्रिंगकडे गाडीचं वजन असतं. पुढच्या एका चाकाच्या स्प्रिंगवर २२० किलो भार आहे आणि ती १ मिलिमीटर दाबायला १८ न्यूटन बळ लागतं, असं धरू. म्हणजे गाडी नुसती उभी असतानाच स्प्रिंग साधारण १२० मिलिमीटर दबलेली असते. अशी गाडी एकदा हलली की सेकंदाला जवळपास दीड वेळा वर-खाली होते. शॉकर नसेल तर हे झुलणं बराच वेळ चालू राहील. शॉकरच्या नळीतला पिस्टन तेलाला बारीक छिद्रांतून आणि पातळ पोलादी चकत्यांच्या झडपांमधून ढकलतो, आणि झुलण्याची ऊर्जा तेलात उष्णता होऊन विरते. झडपा अशा बसवलेल्या असतात की शॉकर लांबताना विरोध जास्त होतो आणि दबताना कमी. शॉकरची खरी किंमत या चकत्यांची आणि दांड्याभोवतीच्या सीलची असते. वरचा रंग कोणीही देऊ शकतो.

म्हणूनच ‘भरलेले’ शॉकर घेऊ नयेत. जुनी नळी कापून किंवा भोक पाडून तेल भरतात, वेल्डिंग करून रंग मारतात. झिजलेल्या चकत्या मात्र तशाच राहतात, आणि तेल किती पातळ-घट्ट घालायचं याचा अंदाजच चालतो. वायूचा दाब असलेल्या शॉकरमध्ये तो दाब गेलेला असतो, त्यामुळे खराब रस्त्यावर तेलात फेस होतो, आणि फेस झडपेतून सहज निसटतो. पहिले चार दिवस गाडी घट्ट वाटते, पुढे पुन्हा झुलायला लागते.

शॉकर खरोखर गेला आहे का, हे कसं कळेल? पुढचा कोपरा दोन-तीनदा जोरात दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक, दोन-तीन हेलकावे घेतले तर शॉकर कमजोर आहे. नळीवर नुसता तेलकट ओलावा आणि धूळ असेल तर घाबरू नका, पण तेल ओघळून खाली थेंब धरत असेल तर सील गेलं. टायरच्या पट्ट्यावरून तळहात फिरवा. ठरावीक अंतरावर खळगे लागले तर चाक रस्त्यावर उसळत होतं, असा अंदाज करता येतो. (चाकाच्या बॅलन्सिंगचा दोषही असे खळगे पाडतो, तेही बघून घ्या.) दाबून सोडण्याच्या चाचणीत अर्धवट थकलेला शॉकर पास होतो, तेव्हा तिच्यावर एकटीवर विसंबू नये.

आता आवाजाकडे वळू. लिंक रॉड स्टॅबिलायझर बारला, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंना जोडणाऱ्या पोलादी दांड्याला, जोडलेला असतो, आणि हा बार एक चाक वर आणि दुसरं खाली असतानाच पिळला जातो. म्हणून स्पीडब्रेकर सरळ ओलांडताना गाडी गप्प राहते आणि एकच चाक खड्ड्यात गेलं की टक-टक करते, अशा वेळी आधी लिंक रॉड बघा. चाकं जमिनीवर ठेवून रॉड हातानं हलवा, ढिला असेल तर बोटांना लगेच जाणवतं. मारुती ८०० आणि जुन्या आल्टोत वेगळा लिंक रॉड नसतो. बारच लोअर आर्मला (चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या पोलादी हाताला) जोडलेला असतो, तिथे त्याच्या टोकांचे बुश तपासायचे. ब्रेक मारताना ‘धप’ आवाज येऊन गाडी किंचित सरकल्यासारखी वाटली, तर लोअर आर्मचा बुश फाटला असण्याची शक्यता मोठी. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंगवर हात ठेवल्यावर ती अडून उसळत असेल, तर शॉकर वर बॉडीला जिथे बसतो त्या माउंटचं बेअरिंग अडकतंय.

बॉल जॉइंट (लोअर आर्म आणि चाक यांच्यामधला गोलाकार सांधा) तपासायला गाडी उचलून घोडी (लोखंडी स्टँड) लावा, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. चाक वरून आणि खालून धरून हलवा, टायरखाली पहार घालून उचका आणि दुसऱ्याला सांध्यावर नजर ठेवायला सांगा. सांध्यात खेळ डोळ्यांना दिसला की तो बदलायचाच. इथे काटकसर करू नये. हा सांधा सुटला तर चालत्या गाडीचं चाक आडवं होतं. बॉल जॉइंट, टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा चाकाजवळचा सांधा) आणि अख्खा लोअर आर्म हे कार कंपनीच्या पार्ट्सच्या काउंटरवरून किंवा सस्पेन्शनचे भाग बनवणाऱ्या नावाजलेल्या कंपनीचेच घ्यावेत.

शॉकरमध्ये पैसे वाचवायला जागा आहे. कार कंपनीच्या डब्यातला शॉकर बहुधा एखाद्या शॉकर कंपनीनंच बनवलेला असतो. तिचाच माल तिच्या स्वतःच्या डब्यात अनेकदा स्वस्त मिळतो. गेब्रियल इंडिया १९६१पासून याच धंद्यात आहे आणि तिचा एक कारखाना आपल्या शेजारी देवासलाच आहे. विकत घेताना चेसिस नंबर सांगून मूळ पार्ट नंबर काढून घ्या आणि डब्यावरची यादी त्याच्याशी ताडून बघा. एकाच नावाच्या गाडीत मॉडेलचं वर्ष बदललं की माउंटिंगही बदलू शकतं.

स्प्रिंग सहसा लवकर मरत नाही. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची चारही ठिकाणी मोजा. डाव्या-उजव्या बाजूत १५ मिलिमीटरहून जास्त फरक असेल, किंवा शेवटचा वेढा तुटला असेल, तरच नवी जोडी घ्या. लोकल स्प्रिंग घेतली तर तारेवर व्हर्नियर लावा. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलतो. १२ मिलिमीटरऐवजी ११.५ची तार आली, तर बाकी सगळं तेच असूनही स्प्रिंग सुमारे १६ टक्के नरम होते. अर्धा मिलिमीटर नुसत्या नजरेला कळत नाही, गाडीला मात्र कळतो.

गाडी टेकते म्हणून स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी बफर घालण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. बफर एका वेढ्याची हालचाल बांधून टाकतो. सहा चालते वेढे असतील आणि एक बंद झाला, तर स्प्रिंग सुमारे २० टक्के कडक होते आणि तोच खड्डा उरलेल्या पाच वेढ्यांना झेलावा लागतो. शॉकरच्या झडपा मूळ स्प्रिंगसाठी जुळवलेल्या असल्यानं गाडी उड्या मारायला लागते. मागे सीएनजीची टाकी बसवल्यामुळे गाडी बसली असेल, तर बफर न घालता त्याच मॉडेलच्या कंपनी-फिटेड सीएनजी गाडीची मागची स्प्रिंग वेगळी येते का, ते काउंटरवर विचारा.

रबर मात्र मूळ कंपनीचंच घ्या. ते स्वस्त असतं, आणि त्यातला फरक सगळ्यात आधी अंगाला जाणवतो. हवेतल्या ओझोननं ताणलेल्या रबराला भेगा पडतात, उष्णतेनं ते कडक होतं, आणि इथला मे महिना ४० अंशांच्या वर असतो. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेलं रबरही म्हातारं होतं. डब्यावरची तारीख बघा, नखानं दाबून बघा. पॉलियुरेथेनचे बुश टिकाऊ म्हणून विकले जातात, पण ते रोजच्या गाडीत थरथर आत आणतात आणि वंगण सुकलं की चिरचिरतात.

कबाडी बाजारातून स्टॅबिलायझर बार, नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) असे न झिजणारे पोलादी भाग घ्यायला हरकत नाही. वाकलेले, तडा गेलेले नाहीत एवढं बघायचं. वापरलेला शॉकर, बॉल जॉइंट किंवा बुश तिथून आणू नये.

बसवण्याची पद्धत चुकली की चांगला मालही वाया जातो. लोअर आर्मच्या बुशमध्ये मधली नळी बोल्टनं आवळली जाते, बाहेरची आर्मात घट्ट बसते, आणि आर्म हलला की दोघींमधलं रबर पिळतं. गाडी लिफ्टवर, चाक लटकलेलं असताना बोल्ट पूर्ण आवळला तर काय होतं पाहा. आर्म ३०० मिलिमीटर लांब आणि चाक ९० मिलिमीटर खाली असेल, तर गाडी जमिनीवर येताच रबर सुमारे १७ अंश पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि काही महिन्यांत फाटतं. बोल्ट आधी हातानं लावा, चाकावर वजन येऊ द्या, मग टॉर्क पान्यानं आवळा. बुश हातोड्यानं ठोकू देऊ नका, प्रेसवर बसवा. बॉल जॉइंटही ढिला असेल तर आर्मच नवा घ्या.

पुढचा शॉकर खोलताना स्प्रिंग दोन बाजूंनी कॉम्प्रेसर (स्प्रिंग आवळून धरायचं हत्यार) लावून दाबूनच वरचा नट सोडायचा. कॉम्प्रेसर न लावता तो नट सोडला तर ती सुटून चेहऱ्यावर येते. नवा शॉकर उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा-ओढा, म्हणजे आडव्या डब्यात आत शिरलेली हवा वर येते. चकाकता दांडा पक्कडीत धरू देऊ नका. त्यावर पडलेला ओरखडा प्रत्येक खड्ड्यात सील कापत राहतो. शॉकर नेहमी एका धुरीची जोडी बदला, मागची जोडी चांगली असेल तर ती पुढच्या वर्षावर टाकता येते. शॉकर उतरवलेलाच असतो तेव्हा माउंट बेअरिंग, बंप स्टॉप (शॉकर पूर्ण दबल्यावर टेकणारा ठोकळा) आणि धूळ अडवणारं बूट त्याच मजुरीत होऊन जातात. दुसऱ्यांदा उघडायचं तर मजुरी पुन्हा पूर्ण.

काम झालं की अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून घ्याच. शॉकर आणि नकल जोडणाऱ्या बोल्टच्या भोकात थोडी जागा असते, तेवढ्यानं कँबर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) बदलतो आणि नवे टायर एका बाजूनं झिजतात. ५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा, चारही कोपऱ्यांची उंची परत मोजा आणि बदललेल्या पार्टचा नंबर, तारीख नि किलोमीटर लिहिलेला कागद डॅशबोर्डच्या खणात ठेवा.