यती: अस्वलाचा माणूस कसा झाला

नेपाळमधल्या मकालू शिखराच्या तळछावणीजवळ बर्फात ३२ इंच लांब आणि १५ इंच रुंद पावलांचे ठसे दिसल्याचं भारतीय लष्कराच्या ट्विटर खात्याने एप्रिल २०१९मध्ये जाहीर केलं आणि यती पुन्हा बातम्यांत आला. फोटोतले ठसे एकाच रेषेत, एकापुढे एक. प्राणी लंगडी घालत गेला असावा, अशी थट्टाही झाली.

मराठीत घोळ नावापासूनच सुरू होतो. आपल्याकडे यती म्हणजे संन्यासी, नाहीतर वृत्तातला विराम. साहजिकच हिमालयातल्या कुणा तपस्व्यावरून हे नाव आलं असावं असं वाटतं. प्रत्यक्षात ते शेर्पांच्या बोलीतलं आहे. तिथे खडकाळ जागेच्या शब्दाला 'तेह' जोडलेलं आहे आणि 'तेह'चा रोख बहुधा अस्वलाकडे आहे. गुरं मारणारा तो 'झू-तेह', माणसासारखा दिसणारा तो 'मी-तेह'.

नेपाळातल्या केसाळ, दोन पायांवर चालणाऱ्या प्राण्याची नोंद इंग्रजीत १८३२मध्येच आली होती. तेव्हा तिची फारशी चर्चा झाली नाही. खरा गोंधळ १९२१चा. एव्हरेस्टच्या पाहणीला गेलेल्या ब्रिटिश तुकडीला ल्हाक्पा ला खिंडीच्या वाटेवर मोठे ठसे दिसले. तुकडीच्या प्रमुखाच्या मते ते लांडग्याचे होते. हमालांनी मात्र 'मेतोह-कांगमी' असं नाव घेतलं. 'कांगमी' म्हणजे बर्फातला माणूस, हे सरळ आहे. 'मेतोह' हा बहुधा 'मी-तेह'चाच अपभ्रंश, पण दार्जिलिंगला हमालांना गाठणाऱ्या कलकत्त्याच्या एका पत्रकाराला त्याचा अर्थ 'घाणेरडा' असा कळला. त्याने आणखी चढवून 'किळसवाणा हिममानव' असा इंग्रजी शब्दप्रयोग केला. अस्वल गळालं, माणूस उरला! आपल्या वर्तमानपत्रांनी पुढे विशेषण टाकून दिलं आणि 'हिममानव' तेवढा ठेवला. माझ्या मते दोष शेर्पांच्या कल्पनाशक्तीपेक्षा या बातमीदारीचा जास्त आहे.

१९५१मध्ये मेनलुंग हिमनदीवर ठशाशेजारी गिर्यारोहकाची बर्फ फोडायची कुऱ्हाड ठेवून काढलेला फोटो गाजला आणि शोधमोहिमांची रांग लागली. १९५९च्या एका अमेरिकी सरकारी टिपणात नेपाळचे नियमच नोंदवलेले आहेत: परवान्याला ५,००० रुपये, यती दिसला तर फोटो काढा किंवा जिवंत पकडा, स्वसंरक्षणाखेरीज मारू नका. २०१७मध्ये यतीचे म्हणून सांगितलेले ९ नमुने डीएनए चाचणीत तपासले गेले. त्यांतले ८ अस्वलांचे निघाले, एक कुत्र्याचा.

नेपाळमधल्या खुमजुंग गावच्या गोंपातली, म्हणजे बौद्ध मठातली, 'यतीची टाळू' (डोक्यावरचं केसाळ कातडं) १९६०मध्ये शिकागो, पॅरिस, लंडनला तपासणीसाठी नेली गेली. सोबत गावातला एक जाणता माणूस मुद्दाम गेला होता. ती सेरो या शेळीच्या कुळातल्या पहाडी प्राण्याच्या कातड्याची निघाली. टाळू गावात परत आली. गोंपात ती कुलपात असते आणि दक्षिणा ठेवली की बघायला मिळते.