स्ट्रीमर माशी

स्ट्रीमर माशी : लांब दांडीच्या गळावर पिसे, केस व धागे बांधून तयार केलेले, छोट्या माशाचा आभास देणारे कृत्रिम आमिष. फ्लाय फिशिंग या गळ-मासेमारीच्या प्रकारात ते वापरतात. नावात माशी असली, तरी ड्राय फ्लाय (पाण्यावर तरंगणारी) वा वेट फ्लाय (पाण्याखाली जाणारी) या माश्यांप्रमाणे येथे सहसा कीटकाची नक्कल नसते. ट्राउट, सामन, बास यांसारखे भक्षक मासे ज्या बारीक मासळीवर पोसतात ती मासळी, क्वचित जळू किंवा झिंगा, हा या माशीचा नमुना होय. हरणाच्या शेपटीच्या केसांचा पंख असलेल्या माशीला बकटेल म्हणून वेगळे काढण्याची जुनी प्रथा आहे. ती आता सैल झाली असून येथेही काटेकोर पाळलेली नाही.

उगम : पिसे बांधलेला गळ ही कल्पना फार जुनी आहे. मॅसिडोनियातील मच्छीमार गळाला तांबडी लोकर गुंडाळून तिच्यावर कोंबड्याची दोन पिसे बसवीत, असे ईलिअन या लेखकाने इ. स. सु. २०० मध्ये नोंदवले आहे. ती नक्कल मात्र कीटकाची होती. माशाची नक्कल करणारी माशी प्रथम कोणी बांधली, याबद्दल अमेरिकेत निदान तीन दावे आहेत. काही अभ्यासक थिओडोर गॉर्डन यांच्या ‘बम्बल पपी’ या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील माशीकडे बोट दाखवतात. मेन राज्यातील ग्रँड लेक स्ट्रीम येथील वाटाडे अलोंझो बेकन यांचे नाव सु. १९०१ साठी घेतले जाते. त्याच राज्यातील रेंजली सरोवरांच्या परिसरात राहणारे हर्बर्ट वेल्च यांनी १९०२ मध्ये लांब दांडीच्या गळावर स्मेल्ट या चंदेरी मासळीची नक्कल बांधली, असे सांगतात. हे दावे बहुतांशी नंतर सांगितलेल्या आठवणींवर उभे असल्याने वर्षांवर फार भार टाकता येत नाही.

रेंजलीच्या पाण्याचा इतिहास या वादात अधिक उपयोगी ठरतो. तेथील प्रचंड ब्रुक ट्राउट पूर्वी ब्लूबॅक या लहान माशावर पोसत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरोवरांत स्मेल्ट सोडण्यात आले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ब्लूबॅक तेथून नाहीसे झाले. म्हणजे मोठ्या माशांचे मुख्य खाद्य बदलले, नेमक्या त्याच सुमारास लांबट, चंदेरी माशी पुढे आलेली दिसते. एका कल्पक हाताचा शोध मानण्यापेक्षा, एकाच गरजेतून अनेकांनी काढलेली वाट मानणे जास्त सयुक्तिक वाटते.

कॅरी स्टीव्हन्स (१८८२–१९७०) : स्ट्रीमरला प्रतिष्ठा मिळाली ती मुख्यतः या बाईंमुळे. त्या स्त्रियांच्या टोप्या बनवीत, त्यामुळे पिसे हाताळण्याचा सराव होताच. पती वाटाड्या होते. १ जुलै १९२४ रोजी रेंजली परिसरातील अपर डॅम येथे त्यांनी स्वतः बांधलेल्या माशीवर ६ पौंड १३ औंस (सु. ३·१ किग्रॅ.) वजनाचा ब्रुक ट्राउट पकडला आणि ‘फील्ड अँड स्ट्रीम’ मासिकाच्या स्पर्धेत दुसरे पारितोषिक मिळवले. ती माशी म्हणजेच प्रसिद्ध ‘ग्रे घोस्ट’, असे सर्रास छापले जाते. तथापि त्या दिवशीची माशी तिचे आधीचे, साधे रूप असावे, हे मत अधिक ग्राह्य दिसते. विशेष म्हणजे बांधताना गळ पकडून ठेवणारा शिकंजा त्या वापरीत नसत. गळ बोटांतच धरून बांधीत.

ग्रे घोस्टची रचना : दांडीवर नारिंगी रेशमी धाग्याचे पातळ अंग आणि त्यावर चपट्या चंदेरी पट्टीचे विरळ वेढे. खाली मोरपिसाचे काही तंतू, हरणाच्या शेपटीचे पांढरे केस आणि सोनेरी फेझंट या पक्ष्याच्या तुऱ्यातील आखूड पीस. वर त्याच तुऱ्यातील लांब पीस आणि त्यावर ऑलिव्ह छटेची चार करडी पिसे, हा पंख. खांद्याला चंदेरी फेझंटचे पीस, पंखाच्या सु. एक तृतीयांश लांबीचे. गालावर रानकोंबड्याचे ठिपकेदार पीस. स्टीव्हन्स बाई पंख, खांदा व गाल आधी एकत्र चिकटवून घेत आणि तो संच गळाला बांधीत. काळ्या डोक्यावर लाल धाग्याची पट्टी ही त्यांची खूण.

गालाचे पीस महाराष्ट्राच्या वाचकाला परके नाही. ते राखी रानकोंबड्याच्या मानेचे असते आणि हा पक्षी सह्याद्रीच्या जंगलांत आढळतो. या पिसाच्या दांड्याचा भाग जागोजागी रुंद होऊन मेणासारखा कडक, पिवळसर-पांढरा ठिपका बनतो. पाण्यात तो माशाच्या डोळ्यासारखा चमकतो आणि भिजला तरी आकार सोडत नाही. पूर्वी भारतातून ही पिसे मोठ्या प्रमाणावर परदेशी जात. आज हा पक्षी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित असून पाश्चात्त्य बाजारातील पिसे पाळीव पैदाशीची असतात. रंगवलेले कोंबडीचे पीस किंवा प्लॅस्टिकचा छापील डोळाही चालतो. माशांची त्यावर तक्रार असल्याचे दिसत नाही.

घरगुती बांधणी : घरी बांधताना वरील राजेशाही कृती क्वचितच कोणी करतो. गळ, शिवणाचा बारीक दोरा, लोकर, जरीची तार, कोंबड्याच्या मानेची वा पाठीची पिसे आणि डोके पक्के करायला नेलपॉलिश एवढ्यावर भागते. खरी अडचण डोक्यापाशी येते. नेढ्यामागे दोन-तीन मिलिमीटर दांडी मोकळी ठेवली नाही, तर पंख बांधल्यावर दोऱ्याला जागाच उरत नाही आणि नेढे बुजते. पंख चिमटीत घट्ट धरून दोऱ्याचा सैल फास बोटांमधूनच वर न्यावा आणि सरळ खाली ओढावा. चिमूट लवकर सोडल्यास दोरा पंखाला दांडीभोवती फिरवतो. अशी तिरकी माशी पाण्यात आडवी पडून गरगरते. पिसे गळाच्या वाकापलीकडे फार लांब गेली, तर मासा नुसती शेपटी ओढतो आणि निसटतो. माशी पाण्यात टाकल्यावर दोर थोडाथोडा ओढत आणि मध्येच थांबत आणतात. थांबण्याच्या क्षणी पिसे फुलतात. मासा बहुधा तेव्हाच झडप घालतो.

नंतरचे प्रकार : डॉन गेपन यांची ‘मडलर मिनो’ ही कॅनडातील निपिगॉन नदीवर १९३० च्या दशकात निघाली, तिचे डोके हरणाचे केस दाटीने बांधून व कातरून करतात. रसेल ब्लेसिंग यांची ‘वूली बगर’ १९६० च्या दशकातील असून नवशिक्यांना तीच प्रथम शिकवतात. बॉब क्लाउझर यांनी १९८० च्या दशकात धातूचे डोळे बसवून बुडणारी, गळाचे टोक वर ठेवून उलटी चालणारी माशी रूढ केली.

भारतात : हिमालयातील नद्यांत सोनेरी महसीर या मोठ्या माशासाठी स्ट्रीमर वापरतात. दख्खनी महसीरचे शास्त्रीय वर्णन ब्रिटिश लष्करी अधिकारी साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळील मुळा-मुठेतील नमुन्यावरून केले आणि लोणावळ्याजवळ वळवण येथे त्याची पैदास होते.