लेग प्रेसवर कंबर का धरते?

जिममध्ये नवख्या माणसाला बहुतेकदा स्क्वॉटऐवजी (खांद्यावर वजन घेऊन काढायच्या उठाबशा) लेग प्रेसवर, म्हणजे बसून पायांनी वजन ढकलायच्या मशीनवर बसवतात. वजन रुळावरून सरकतं, तोल सांभाळावा लागत नाही, म्हणून मशीन सुरक्षित, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. वजन कुठून जाणार हे रूळ ठरवतात, पण तुमच्या कमरेचं काय होतं, त्यावर त्यांचा ताबा नसतो.

रूळ 45 अंशांत तिरके असलेल्या लेग प्रेसवर 100 किलोच्या प्लेटा चढवल्या, तर त्यातला जेमतेम 71 किलोंचाच भार पायांवर येतो (स्लेडचं, म्हणजे प्लेटा लावायच्या सरकत्या चौकटीचं, स्वतःचं वजन वेगळं). आकडा मोठा दिसतो आणि माणूस प्लेटा वाढवत सुटतो.

खरी मेख सर्वात खालच्या टप्प्यात आहे. गुडघे छातीकडे येतात तेव्हा वाकण्याचं काम आधी खुब्याचा सांधा करतो. त्याची मर्यादा प्रत्येकाची वेगळी. ती संपली की पुढचं वाकणं कंबर करते: बसण्याचा भाग गादीवरून उचलला जातो, कमरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो, मग उलटा वळतो. मणक्यांमधल्या चकतीची पुढची कड दाबली जाते, मागचे थर ताणले जातात आणि आतला मऊ गर मागे, म्हणजे मज्जातंतूंच्या बाजूला ढकलला जातो. वजन थांबवून उलट दिशेला रेटायचं असतं तेही नेमकं याच क्षणी. म्हणून पहिल्यांदा रिकामा स्लेड हळू खाली आणा, सोबत्याला बाजूने बघायला सांगा. कंबर गादीवरून सुटायला लागते, त्याच्या थोडं आधीच थांबायचं. स्लेडला त्याहून खाली येऊ न देणारा अडसर, म्हणजे स्टॉपरही, तिथेच लावा.

वर ढकलताना गुडघे झटक्यात पूर्ण सरळ करू नका. सांधा लॉक झाला की स्नायूंवरचा भार हाडांवर आणि अस्थिबंधांवर जातो; वजन जास्त असेल तर गुडघा उलट्या बाजूला वाकण्याचा धोका असतो.

श्वासाकडे मात्र कुणी बघत नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी 1985 साली पाच बॉडीबिल्डरांच्या दंडातल्या धमनीत नळी घालून, व्यायाम चालू असताना रक्तदाब मोजला. दोन्ही पायांच्या लेग प्रेसमध्ये तो सरासरी 320/250 पर्यंत चढला. एकाचा 480/350 च्याही वर गेला. आकुंचन पावलेले स्नायू रक्तवाहिन्या आवळतात, त्यात रोखलेल्या श्वासाने छातीतला दाब वाढतो. ही वाढ काही क्षणांचीच असते आणि निरोगी, सरावलेलं शरीर ती सहसा सोसतं. बीपीचा किंवा डोळ्याच्या पडद्याचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला, वजन हलकं ठेवा आणि ढकलताना श्वास सोडा.