परदेश सहलीचा विमा: नाशिकहून निघण्याआधी कोणता अर्ज, कोणते कागद

द्राक्षांची काढणी उरकली, मुलांच्या परीक्षा संपल्या की नाशिकमध्ये परदेश सहलींचे बेत सुरू होतात. कोणी दुबईला, कोणी थायलंड-व्हिएतनामला, आणि द्राक्षांना भाव बरा मिळाला असेल तर युरोपला. हॉटेल कुठलं, रात्रीच्या जेवणात वरण-भात मिळेल का, यावर टूरवाल्याशी तासभर बोलणं होतं. विम्याचा विषय निघतो तो खुर्चीवरून उठताना. "तो पॅकेजमध्ये आहेच ना?" असतोही बहुतेकदा. पण किती रकमेचा, कोणत्या तारखांचा आणि कोणत्या अटींवर, हे विचारायचं राहून जातं.

इंदिरानगरला आमच्या सोसायटीत असे कागद भरायला लोक माझ्याकडे येतात. मी एजंट नाही, अर्ज वाचायची सवय आहे एवढंच. त्यातून जे कळलं ते इथे लिहितो.

सक्तीचा कुठे, ऐच्छिक कुठे

युरोपातल्या शेंगेन देशांचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांचा, पर्यटक व्हिसा हवा असेल तर विमा सक्तीचा आहे. आता असे २९ देश आहेत. बल्गेरिया आणि रोमानिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे त्यात आले. अट अशी, की वैद्यकीय संरक्षण किमान ३०,००० युरोचं हवं, ते सगळ्या शेंगेन देशांत चालायला हवं आणि मुक्कामाचा प्रत्येक दिवस त्यात यायला हवा. तातडीचे उपचार, रुग्णालयाचा खर्च, आजारी माणसाला मायदेशी आणणं आणि मृत्यू झाल्यास पार्थिव आणणं, हे सगळं त्यात धरलेलं असावं लागतं. पॉलिसीच्या प्रमाणपत्रावर हे स्पष्ट छापलेलं आहे ना, ते अर्ज देण्याआधी पाहा.

हा व्हिसा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो आणि निदान १५ दिवस आधी द्यावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस धरलेले असले तरी प्रकरण अडकलं तर ४५ दिवसांपर्यंत जातात. त्यामुळे मेमध्ये निघायचं असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्येच फाइल तयार ठेवा. मोठ्यांची फी ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांची ४५, त्याहून लहानांना माफ. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला हवा. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, पण मागच्या ५९ महिन्यांत ठसे दिले असतील तर ते पुन्हा वापरता येतात. नाशिककराचा एक मुंबई हेलपाटा त्यात वाचू शकतो.

दुबई, थायलंड, सिंगापूरला जाणाऱ्या आपल्यासारख्या पर्यटकाच्या बाबतीत हा प्रश्न बऱ्याचदा स्वतःच्या शहाणपणावर सोडलेला असतो. "आमचा मेडिक्लेम आहे की दहा लाखांचा," असं लोक म्हणतात. घरचा मेडिक्लेम बहुतेक वेळा भारतातल्याच उपचारांना चालतो. काही महागड्या पॉलिसींत परदेशातली आणीबाणी धरलेली असते. तुमच्यात आहे का, ते कागदावर पाहा, एजंटच्या तोंडी शब्दावर राहू नका.

कोण घेऊ शकतं

साधा नियम असा: राहणं भारतात, प्रवासाची सुरुवात भारतातून आणि पॉलिसी निघण्याआधी घेतलेली. विमानतळावर बसून मोबाइलवर घेतली तरी चालते, तिकडे उतरल्यावर मात्र इथली कंपनी सहसा देत नाही. तान्ह्या बाळाला किती महिन्यांपासून घेतात ते कंपनीगणिक बदलतं. साठी-सत्तरीपुढच्यांसाठी योजना वेगळ्या, हप्ता जास्त आणि कधी कधी आधी तपासण्या. वर्षातून दोन-तीनदा जाणाऱ्यांना वार्षिक पॉलिसी परवडते, पण तिच्यात एका फेरीचे कमाल दिवस ठरलेले असतात. मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला सहा महिने जाणाऱ्या आईला ती उपयोगाची नाही.

अर्जातला तो एक प्रश्न

अर्ज तसा छोटा असतो. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, कोणते देश, कोणत्या तारखा, वारसदार. पंधरा मिनिटांचं काम. मग एक प्रश्न येतो: सध्या कोणता आजार किंवा औषधोपचार सुरू आहे का?

शेजारच्या काकू स्वित्झर्लंडला निघाल्या होत्या. टेबलावर चहा, बाजूला त्यांची औषधांची डबी, सकाळ-दुपार-रात्र असे कप्पे असलेली. रक्तदाबाची गोळी सहा वर्षांपासून. मी प्रश्न वाचून दाखवला, तर त्यांनी डबी हळूच पदराआड सरकवली आणि म्हणाल्या, "नाही म्हणून टाक रे. कंट्रोलमध्ये आहे ना सगळं! उगाच पैसे वाढवतील."

मी विचारलं, "काकू, तिकडे चक्कर येऊन पडलात आणि डॉक्टरांनी विचारलं, काही औषध चालू आहे का, तर काय सांगाल?"

"खरं तेच सांगेन की. डॉक्टरशी कोण खोटं बोलतं?"

झालं. डॉक्टर ते केसपेपरवर लिहिणार, तो केसपेपर क्लेमबरोबर कंपनीकडे जाणार, आणि कंपनी तो तुमच्या अर्जाशेजारी ठेवून पाहणार. इथे 'नाही', तिथे 'सहा वर्षांपासून'. क्लेम फेटाळायला आणखी कारण शोधावं लागत नाही. काकूंनी डबी परत टेबलावर ठेवली. आम्ही 'हो' लिहिलं, औषधांची नावं लिहिली, डॉक्टरांची चिठ्ठी जोडली. हप्ता थोडा वाढला. त्यावर काकू दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होत्या, ते चालायचंच.

'हो' लिहिलं म्हणजे सगळं मिळालं असंही नाही. आधीपासूनच्या आजाराला अनेक पॉलिसी फक्त जिवावर बेतलेल्या आणीबाणीत पैसे देतात, तेही ठरावीक मर्यादेपर्यंत. ती मर्यादा किती, हा प्रश्न घेण्याआधी विचारायचा.

नाव आणि तारीख

लग्नानंतर आधारवर सासरचं नाव आलं, पासपोर्ट मात्र माहेरच्या नावाचा, असं आपल्याकडे अनेक घरांत असतं. पॉलिसी, तिकीट आणि व्हिसा अर्ज तिन्हींवर पासपोर्टमधलंच नाव हवं, मधल्या नावासकट, त्याच स्पेलिंगने. आधार बघून फॉर्म भरला की घोळ झालाच.

तारखेचा घोळ मध्यरात्रीच्या विमानांमुळे होतो. विमान १० तारखेला पहाटे दीडला असतं, पण आपण घरून निघतो ९ तारखेच्या दुपारी. परतीला उलटं: १९ ला रात्री बसलो की मुंबईत २० उजाडते. पॉलिसी ९ ते २० घ्या. एखाद-दुसरा दिवस वरचढ असला तर आणखी बरं. विमान रद्द होऊन अडकलात तर कामी येतो.

कागद वाचताना कुठे थांबायचं

विमा रक्कम सगळे पाहतात. माझं बोट आधी डिडक्टिबलवर जातं, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये पहिले किती डॉलर आपल्या खिशातून जायचे. शंभर डॉलर डिडक्टिबल असेल तर सर्दी-तापाच्या साध्या बिलातून हाती जवळपास काही येत नाही. दुसरी गोष्ट उपमर्यादा. वर पन्नास हजार डॉलर छापलेले असतात आणि आत, विशेषतः ज्येष्ठांसाठी, खोलीभाडं, अतिदक्षता विभाग, शस्त्रक्रिया यांना वेगवेगळी कुंपणं घातलेली असतात. युरोपसाठी पन्नास हजार ठीक. अमेरिकेला जाणाऱ्यांना मी निदान एक लाख, वय जास्त असेल तर त्याहून अधिक घ्या असं सांगतो. हप्त्यातला फरक एका चांगल्या जेवणाएवढा असतो.

आता खास नाशिककरांचं दुखणं. आपलं विमान मुंबईहून, आणि मध्ये कसारा घाट. जून २०२५ मध्ये समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा सुरू झाल्यापासून घाट चुकवता येतो, पण आमण्याला उतरलं की पुढे भिवंडी-ठाण्याची गर्दी आहेच. रस्त्यात अडकून विमान चुकलं तर विमा मिळेल असं अनेकांना वाटतं. पॉलिसीतलं 'मिस्ड कनेक्शन' बहुधा पहिलं विमान उशिरा पोचल्यामुळे चुकलेल्या पुढच्या विमानापुरतं असतं. तुमची इनोव्हा खारेगावला दोन तास उभी राहिली, हे त्यात बसत नाही. तीन तास आधी विमानतळावर, आणि नाशिकहून निघायला आणखी सहा तास हाताशी, हा आमच्या घरचा हिशोब.

दुचाकी, गोळ्या आणि खसखस

थायलंड-व्हिएतनामला गेलेली तरुण मुलं पहिल्याच दिवशी स्कूटर भाड्याने घेतात. पासपोर्ट दिला की दुकानदार किल्ली देतो, परवाना विचारतही नाही. अपघात झाला की विमा कंपनी विचारते. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना पेठ रोडच्या आपल्या आरटीओत निघतो: नमुना ४-अ, फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष, सोबत चालू लायसन्स, पासपोर्ट, तिकीट, आणि व्हिसा लागत असेल तर तो. तुमच्या लायसन्सवर दुचाकीची नोंद असेल तरच या परवान्यावर दुचाकी येते. आणि एक मेख आहे. भारत हा परवाना रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार देतो. व्हिएतनाम १९६८ च्या करारातला देश आहे, तिथे आपला परवाना चालत नाही. तिथे मागच्या सीटवर बसा, नाहीतर गाडी-ड्रायव्हर घ्या. दारू पिऊन झालेला अपघात आणि न सांगता केलेले साहसी खेळ हेही सहसा विम्याबाहेर असतात.

औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत. ती कप्प्यांची डबी घरीच ठेवा. संयुक्त अरब अमिरातीत ट्रामाडॉल, कोडीन असलेल्या गोळ्यांना आधी परवानगी लागते, आणि कोडीन आपल्याकडच्या काही खोकल्याच्या औषधांतही असतं. तिथे खसखशीवरही बंदी आहे. म्हणजे दुबईच्या भावाला अनारसे न्यायचे असतील तर खसखशीविना करा, आणि घरच्या गोडा मसाल्यात ती आहे का तेही आठवून पाहा. यात अडकलात तर कुठलाही विमा सोडवत नाही. ई-सिगारेट थायलंड, सिंगापूर दोन्हीकडे बेकायदा आहे.

पासपोर्ट, व्हिसा आणि पॉलिसीच्या झेरॉक्स वेगळ्या बॅगेत, फोटो घरच्यांच्या व्हॉट्सॲपवर. युरोपात आणीबाणीचा क्रमांक ११२, थायलंडात पर्यटक पोलीस ११५५. पासपोर्ट हरवला तर आधी स्थानिक पोलिसांत तक्रार, मग भारतीय दूतावास. तिथून आणीबाणीचं प्रमाणपत्र मिळतं, पण ते फक्त भारतात परत येण्यापुरतं. पुढची सहल तिथेच संपते.

क्लेम

रुग्णालयात दाखल व्हायची वेळ आली तर पॉलिसीवरच्या मदत क्रमांकावर आधी, नाहीतर दाखल होताच फोन करा. त्यांना कळवल्याशिवाय थेट बिल भागवायची सोय होत नाही आणि सगळे पैसे आपल्याला भरून मागावे लागतात. बाह्यरुग्ण तपासणीचे पैसे बहुधा आधी भरावेच लागतात.

परतल्यावर लागतं ते असं: क्लेम अर्ज, पॉलिसी, पासपोर्टची पानं, डॉक्टरांचे कागद, बिलं आणि पैसे भरल्याच्या पावत्या, चोरी असेल तर तिथल्या पोलिसांचा अहवाल, रद्द केलेला चेक. आणि बोर्डिंग पास. युरोपात १२ ऑक्टोबर २०२५ पासून पासपोर्टवरच्या शिक्क्यांऐवजी संगणकीय नोंद सुरू झाली आहे, त्यामुळे आपण कधी गेलो-आलो ते दाखवायला बोर्डिंग पास जपून ठेवा.

काकूंची तब्येत स्वित्झर्लंडमध्ये ठणठणीत राहिली. बॅग मात्र एक दिवस उशिरा आली. पट्ट्यासमोर उभं राहूनच त्यांनी मला फोन लावला. मी म्हटलं, बाहेर पडू नका, आधी विमान कंपनीच्या काउंटरवर जाऊन बॅग न आल्याचा अहवाल लिहून घ्या. विमान कंपनीकडे लेखी दावा करायलाही मुदत असते: सामानाची मोडतोड झाली असेल तर ७ दिवस, उशिरा मिळालं असेल तर ते मिळाल्यापासून २१ दिवस. काकूंनी अहवाल घेतला, स्वेटर आणि टूथब्रशच्या पावत्या ठेवल्या, घरी आल्यावर फाइल माझ्यासमोर आपटली. स्वेटरचे पैसे आले.

पैसे नाहीच आले, किंवा कमी आले, तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे लेखी तक्रार. विमा नियामकाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ वरही नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. नाशिक जिल्हा पुण्याच्या लोकपाल कार्यालयाकडे येतो. पन्नास लाखांपर्यंतचं प्रकरण तिथे चालतं, फी नाही, वकीलही लागत नाही. सोबत अर्जाची प्रत जोडावी लागते, म्हणून भरलेल्या अर्जाची पीडीएफ पॉलिसीबरोबरच सेव्ह करून ठेवा. कंपनी पॉलिसी आपोआप पाठवते, अर्ज बऱ्याचदा मागून घ्यावा लागतो.