सौम्य पक्षाघातातील गुठळी काढण्याची प्रक्रिया
मेंदूची मोठी रोहिणी (धमनी) गुठळीने बंद झाली असूनही काही रुग्णांत लक्षणे थोडीच दिसतात. अशा वेळी ती गुठळी नलिकेवाटे बाहेर काढण्याच्या प्रक्रियेविषयी ही नोंद आहे. तिला मेकॅनिकल थ्रॉम्बेक्टॉमी म्हणतात. पक्षाघाताच्या तीव्र झटक्यात तिचा उपयोग सिद्ध झाला आहे. सौम्य झटक्यात ती कोणावर करावी, हे ठरवणे अवघड असते.

झटक्याची तीव्रता ‘एनआयएचएसएस’ या ० ते ४२ गुणांच्या मोजपट्टीवर ठरते. ५ पर्यंत गुण असले की झटका सौम्य धरतात. मोजपट्टी सोयीची आहे, पण तिच्यावर डोळे मिटून विसंबणे धोक्याचे. हातापायांच्या ताकदीला तिच्यात गुण भरपूर, तोल जाण्याला मात्र फारच कमी. त्यामुळे मेंदूच्या मागच्या भागातला झटका कागदावर किरकोळ वाटू शकतो. हातपाय धड, पण वाक्य जुळवता येत नाही अशा शिक्षकालाही दोन-तीनच गुण पडतात. त्याचे पोट मात्र बोलण्यावरच असते. म्हणून आकड्याइतकेच, रुग्णाचे रोजचे जगणे अडते का, हे पाहावे लागते.

मुख्य रस्ता बंद असताना गल्लीबोळांतून वाहतूक चालू राहावी, तसे शेजारच्या बारीक रोहिण्यांतून रक्त पोहोचत राहते, म्हणून लक्षणे सौम्य राहतात. हा पुरवठा रक्तदाबावर अवलंबून असतो. आडवे असताना नीट बोलणारा रुग्ण उठून बसताच त्याचा हात गळू शकतो. काही तासांत झटका एकाएकी बळावतो तोही अनेकदा यामुळेच, आणि डॉक्टरांना खरी धास्ती याचीच असते.

जांघेतील किंवा मनगटाजवळच्या रोहिणीतून नलिका आत सरकवून, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत ती गुठळीपर्यंत नेतात. मग जाळीदार स्टेंटमध्ये गुठळी अडकवून ओढतात, किंवा नलिकेने शोषून घेतात. कधी दोन्ही एकदम. यात रोहिणीला भोक पडणे, तिचे अस्तर फाटणे, मेंदूत रक्तस्राव होणे किंवा गुठळीचा तुकडा पुढे जाऊन अडकणे असे धोके आहेत. आधीच बरा असलेला रुग्ण यामुळे बिघडला, तर नुकसान फार मोठे.

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच चाचण्यांनी या उपचाराला जगभर मान्यता मिळवून दिली, पण त्यांत सौम्य रुग्ण जवळजवळ नव्हतेच. त्यामुळे तो पुरावा त्यांना जसाच्या तसा लावता येत नाही. गुठळी विरघळवणाऱ्या औषधाबाबत ‘टेम्पो-२’ या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. मेंदूतील रोहिणी बंद असलेल्या सौम्य रुग्णांना टेनेक्टेप्लेज देऊन फायदा झाला नाही. उलट त्या गटात मृत्यू अधिक झाले. नळी घालून गुठळी काढण्याविषयी हा निकाल काही सांगत नाही, तरी ‘रोहिणी बंद आहे, मग उघडलीच पाहिजे’ हा हिशेब वाटतो तितका सरळ नाही, हे त्यातून दिसते.

व्यवहारात दोन वाटा आहेत. बोलणे किंवा दृष्टी गेली असेल, गुठळी अंतर्गत कॅरोटिड किंवा मध्य प्रमस्तिष्क रोहिणीच्या (मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या रोहिण्या) मुळाशी असेल, तर अनेक तज्ज्ञ लगेच प्रक्रियेकडे वळतात. लक्षणे नगण्य असतील तर रुग्णाला आडवे ठेवून वारंवार तपासतात, आणि बिघाड दिसताच कॅथलॅबमध्ये (नलिका घालण्याची प्रक्रिया जिथे करतात त्या खोलीत) नेतात. मात्र कॅथलॅब नसलेल्या रुग्णालयात बिघाडाची वाट पाहिली, तर पुढचा वेळ गाडीतच जातो. म्हणून तिथल्या डॉक्टरांनी मोठ्या केंद्राशी आधीच बोलून, रुग्ण बोलता-चालता असतानाच त्याला हलवणे इष्ट.