घास अडकलाय, की नुसता अडकल्यागत वाटतंय?

आमच्या निपाणीतल्या मेडिकलमध्ये बरेच जण येतात, गळ्याला हात लावून म्हणतात, "अण्णा, हितं काहीतरी अडकल्यागत वाटतंय, गॅसची गोळी द्या की." म्हणून हा कागद छापलाय, बिलाबरोबर घरी न्या.

आम्ही पहिलं एकच विचारतो, जेवताना त्रास होतो की एरवी? भाकरी-भात सरळ खाली जातोय, उलट जेवताना बरंच वाटतं आणि नुसती थुंकी गिळताना गोळा जाणवतो, असं असलं तर बहुतेक वेळा आत काही अडकलेलं नसतंय. पोटातलं ॲसिड वर येतं, टेन्शन असतं, त्यात आपण सारखं खाकरतो आणि घसा अजून सोलवटतो. खाकरायचं सोडा, त्याऐवजी घोटभर पाणी प्या. रात्री जेवल्यावर 2-3 तास आडवं व्हायचं नाही (लग्नात अकराला जेवून साडेअकराला घोरणाऱ्यांनी हे दोनदा वाचा), आणि छातीत जळजळ असली तर खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावून अर्धा फूट उंच करा, नुसत्या उशा वाढवून मान तेवढी दुखते. डॉक्टरनी पँटोप्राझोल (ॲसिड कमी करायची गोळी) दिली असली तर ती नाष्ट्याआधी अर्धा तास, जेवून झाल्यावर आठवली म्हणून नव्हे.

आता दुसरं. घास खरंच छातीत थांबतोय, आधी कडक भाकरी जाईना, मग भात, मग आमटीसुद्धा, वजन उतरतंय, उलटीत रक्त दिसतंय, तर आमच्याकडं गोळी मागू नका, देणार नाही. दुर्बीण घालून अन्ननलिका बघावी लागते, कॅन्सरसुद्धा असू शकतो. आपला भाग तंबाखूचा, त्यात विडी नाहीतर दारू असली तर एक दिवस पण घालवू नका.

डॉक्सीसायक्लिन (अँटिबायोटिक) नाहीतर रक्तवाढीची लोहाची गोळी कोरडीच गिळून झोपलात तर ती अन्ननलिकेला चिकटून जखम करते. भरून ग्लासभर पाणी, मग अर्धा तास बसून राहायचं.

माशाचा काटा रुतला तर भाताचा गोळा, केळं असलं काही ढकलू नका, काटा अजून आत जातो, सरळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं जा.

लाळसुद्धा गिळता येईना तर लगेच हॉस्पिटल. आणि जेवताना माणसाला बोलता, खोकता येईना झालं तर पाणी पाजू नका, पुढं वाकवून पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मधे तळव्यानं जोरात 5 दणके द्या, नाही निघालं तर मागनं मिठी मारून बेंबीच्या वर 5 वेळा आत-वर दाबा, परत दणके. वर्षाखालच्या बाळाचं पोट मात्र दाबायचं नाही. तोवर दुसऱ्या कुणीतरी 108 ला फोन लावायचा.